अण्णाचा उजवा खांदा

माझा थोरला भाऊ साठाव्या वर्षी आजारी पडला. पण दुखणं त्याच्या अंगात दोन वर्षं आधीच येऊन बसलं होतं, असं मला आता वाटतं. आम्ही सगळे ते रोज बघत होतो आणि त्याला सुख म्हणत होतो.

अण्णा बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मोल्डर होता. वाळू चाळायची, साच्यात भरायची, ठोकून घट्ट करायची, भरलेले साचे उचलून ओळीनं मांडायचे, असं त्याचं काम. आमचं गाव सांबऱ्याच्या विमानतळापलीकडं. तिथून तो आधी सायकलनं आणि नंतर बसनं कामाला जायचा. संध्याकाळी परत आला की चहा पिऊन शेताकडं. मी शिकले, बेळगावात शिक्षिका झाले, टिळकवाडीत घर केलं. त्याचं आयुष्य मात्र पायांवर आणि दंडांवर चाललं होतं. त्याला नुसता बसलेला मी लहानपणी कधी पाहिला नाही.

अठ्ठावन्नला तो रिटायर झाला. शेत वाट्यानं दिलं. मुलगा पुण्यात नोकरीला. सगळ्यांनी त्याला सांगितलं, आता बास, आराम कर. सांगणाऱ्यांत मीही होते. पुढच्या सोप्यात दाराशी त्याची खुर्ची आली. तिथं बसून तो पेपर वाचायचा, टीव्ही बघायचा, डोक्यावरनं विमान गेलं की आवाजावरून वेळ सांगायचा. डेअरी घरापासून दोनशे पावलांवर, तिथंही तो मोटरसायकलवरून जाऊ लागला. एका लग्नात पंगतीतून उठताना त्यानं शेजारच्याच्या खांद्याचा आधार घेतला. मी हसून म्हणाले, म्हातारा झालास अण्णा. तोही हसला. गावातल्या डॉक्टरांनी बीपीची गोळी दिली होती, ती तो डोकं दुखलं तरच घ्यायचा. वहिनीनं हे मला एकदा सांगितलं होतं. मी त्याला रागवेन म्हणाले आणि विसरून गेले.

थंडीचे दिवस होते. सकाळी सातला तो उठला तेव्हा उजवा हात बधिर होता. कूस चुकली, हातावर झोपलो, असं त्यानं वहिनीला सांगितलं. चहाचा कप हातातून पडला. वहिनीनं फरशी पुसली, हाताला तेल लावलं आणि त्याला पुन्हा आडवं केलं. झोपून उठला की बरं वाटेल, एवढाच तिचा विचार होता. अकराच्या सुमारास ती ताक घेऊन गेली तर तोंड एका बाजूला ओढलेलं आणि शब्द फुटेना. तिनं मला फोन लावला. मी वर्गावर होते, फोन पर्समध्ये होता. तास संपल्यावर बघितलं तर तिचे सात कॉल.

बेळगावच्या हॉस्पिटलात आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. तिथले डॉक्टर कन्नडमध्ये बोलत होते. वहिनीला बाजारापुरतं कन्नड येतं, डॉक्टरांचं कळत नाही, म्हणून मी मधे उभी राहून सांगत होते. हे कधी सुरू झालं, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, सातला. त्यांनी घड्याळाकडं पाहिलं आणि हातातलं पेन टेबलावर ठेवलं. मेंदूतली गुठळी विरघळवायचं एक इंजेक्शन असतं, पण ते पहिल्या काही तासांतच देता येतं, आता ती वेळ गेली, असं ते म्हणाले. वहिनी माझ्या तोंडाकडं बघत होती. मी तिला बाकीचं सगळं सांगितलं. ते एक वाक्य गाळलं. आजतागायत ते मी तिला सांगितलेलं नाही.

अकरा दिवसांनी अण्णा घरी आला. उजवा हात लोंबणारा, उजवा पाय लाकडासारखा, आणि तोंडातून फक्त एक आवाज, ‘बा, बा’ असा. सगळ्यासाठी तोच. पाण्यासाठी, लाजेसाठी, रागासाठी. सोप्यातली खुर्ची माळ्यावर गेली आणि तिच्या जागी लोखंडी कॉट आली. कॉटच्या पायाशी बादली, उशाशी औषधांचा डबा, भिंतीला टेकून वॉकर. हॉस्पिटलातून सोडताना दिलेला तो वॉकर, त्याच्यावर दुसऱ्याच आठवड्यात टॉवेल वाळू लागले.

आठवड्यातून तीन दिवस फिजिओथेरपिस्ट यायची. तिशीची मुलगी, स्कूटरवरून यायची, हेल्मेट काढून आधी हात धुवायची. मूळची निपाणीची. तिची आई बिड्या वळायची, पहाटेपासून मांडीवर सूप घेऊन. आईला पन्नाशीतच जमिनीवरून उठता येईना, तेव्हा तिनं हे शिक्षण घ्यायचं ठरवलं, असं तिनं एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. शेजारच्या म्हातारीनं पहिल्याच दिवशी तिचं आडनाव विचारून घेतलं आणि ती गेल्यावर वहिनीच्या कानात काहीतरी सांगितलं. वहिनी म्हणाली, “माझ्या नवऱ्याचा पाय उचलतीया ती. मला तेवढं बास.” आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यासाठी ताटच वाढू लागली.

तिचे नियम थोडे होते, पण कडक. दर दोन तासांनी कूस बदलायची. दिवसातून चार वेळा कॉटच्या कडेला बसवायचं, पाय पाटावर सपाट टेकलेले. जमेल ते त्यांचं त्यांना करू द्यायचं, सांडलं तरी चालेल. आणि एक गोष्ट ती प्रत्येक वेळी जाताना सांगायची, अगदी दारातून वळून. उजव्या हाताला धरून ओढायचं नाही. उठवताना नाही, कपडे घालताना नाही. त्या खांद्याला आता मांसाचा आधार नाही, तो फक्त कातड्यावर लटकलाय.

वहिनी मान डोलवायची. पण ती गेली की घर आपल्या पद्धतीनं चालायचं. वहिनीचं प्रेम हातांतून वाहायचं. ती त्याला भरवायची, त्याचं तोंड पुसायची, डाव्या हातानं तो ग्लास धरू गेला तर आधीच त्याच्या ओठांना लावायची. बघायला येणारे लोक फळं आणायचे आणि कॉटशी बसून सांगायचे, अण्णा, आता काही करू नका, पडून राहा, लई केलासा आयुष्यभर. मी दर शनिवारी दुपारी शाळा सुटली की जायचे. दर शनिवारी तो मला थोडा जास्त पसरलेला दिसायचा. म्हणजे अंग वाळत होतं, पण कॉटमध्ये तो खोल बसत चालला होता. त्याच्या नजरेत सुरुवातीला भीती होती. दीड महिन्यानं ती गेली. तिच्या जागी जे आलं ते मला जास्त भयंकर वाटलं. त्याला ते सगळं ठीक वाटू लागलं होतं.

दोन महिने झाले. पाय जरासा हलू लागला होता, कॉटची दांडी धरून अण्णा उभा राहिला की गुडघा दुमडत नव्हता. फिजिओ म्हणाली हे चांगलं चाललंय. मला ते चांगलं दिसेना. मला माझा भाऊ परत हवा होता, आणि ती मला दर खेपेला एक सेंटीमीटर देत होती.

त्याच सुमारास शाळेत एका सहकारी बाईनं सांगितलं, निपाणीकडं एका गावात एक माणूस आहे. अंगावरून वारं गेलेल्यांना तो तेल लावून, नस मोकळी करून उठवतो. तिच्या दिराला तीन खेपांत फरक पडला होता. मी विज्ञान शिकवते. तरीही मी त्या रविवारी भाड्याची गाडी केली. फिजिओला कळवलं नाही. वहिनीला म्हणाले, तिला सांगू नका, तिला वाईट वाटेल. वहिनी एकदाच म्हणाली, “वन्सं, ती हात वडू नका म्हणती.” मी म्हणाले, अहो, तो जाणता माणूस आहे, त्याला कळत नसेल का.

काकतीवरून हायवेला लागलो. अण्णा पुढच्या सीटवर पट्ट्यानं बांधलेला, काचेला डोकं टेकून. दोन महिन्यांनी तो गावाबाहेर पडला होता. संकेश्वर गेलं तसा तो ताठ होऊन बाहेर बघू लागला. मला बरं वाटलं. निपाणीच्या अलीकडं आत वळलो. तंबाखूचे दिवस होते, काच खाली केली की घशात खवखव व्हायची.

पत्र्याच्या शेडमध्ये सतरंज्या टाकल्या होत्या आणि त्यांवर माणसं होती. कोल्हापूरकडून आलेली, गडहिंग्लजकडून आलेली. सगळ्यांचं एक अंग जड आणि सगळ्यांबरोबर माझ्यासारखी कुणीतरी घाईला आलेली. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. तेलाचा उग्र वास होता. मधूनच आतल्या खोलीतून ओरडणं यायचं आणि मग शांतता. ती ऐकून मी परत फिरायला हवं होतं. पण पुढं आमचाच नंबर होता.

तो माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते. नम्र बोलायचा, त्यानं अण्णाला नमस्कार केला, ‘कसं हाय पावणं’ म्हणून विचारलं. त्यानं पाठीला आणि पायाला तेल लावलं. मग अण्णाला बसवलं, मागं उभा राहिला, उजवा हात मनगटापाशी धरला आणि एका झटक्यात डोक्यावर ओढला.

खांद्यातून आवाज आला. भिजलेलं कापड फाडावं तसा. आणि अण्णा ओरडला, “आई गं!”

दोन महिन्यांत त्याच्या तोंडातून आलेला तो पहिला शब्द. तो माणूस हसून म्हणाला, बघा, वाचा आली. वहिनीनं हात जोडले. आणि मी, खरं सांगते, मी आनंदानं रडले. माझ्या भावाचा खांदा निखळत होता आणि मी त्या माणसाचे आभार मानत होते.

येताना अण्णाच्या कपाळावर घाम होता. थंडी असून शर्ट ओला झाला होता. मी वळून वळून विचारत होते, बोल ना, अण्णा, आणखी काही बोल. तो काचेकडं तोंड करून बसला होता.

मंगळवारी मी शाळेतून रजा घेऊन गेले, कारण सोमवारी फोनवर वहिनीचा आवाज नीट नव्हता. अण्णाचा हात सुजून चकाकत होता, बोटं पडवळासारखी झाली होती. फिजिओ माझ्या आधी पोचली होती. तिनं खांद्याच्या हाडाखाली दोन बोटं ठेवली. ती बोटं आत गेली. तिथं खड्डा होता. तिनं बोटं काढली नाहीत, तशीच ठेवून विचारलं, “हात कुणी ओढला?”

वहिनीनं खाली पाहिलं. मी म्हणाले, मी नेलं होतं. आणि सगळं सांगितलं.

ती रागवली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं बॅगेतून पट्टा काढला, हात गळ्यात अडकवला, कोपराखाली उशी ठेवली. मग खांद्याचा एक्स-रे काढून आणायला सांगितला. जाताना दारात थांबून म्हणाली, “बाई, हात गेला त्याचं मी बघीन. पण आता ते मला अंगाला हात लावू देणार नाहीत. त्याची मला काळजी आहे.”

तसंच झालं. दुखणं एवढं होतं की कुणी कॉटजवळ आलं तरी तो अंग चोरायचा. ती आली की डोळे मिटून घ्यायचा. कडेला बसायचं बंद झालं, पाय पाटावर टेकायचे बंद झाले. ती तीनही दिवस यायची, कॉटशी स्टूल घेऊन बसायची, त्याचा डावा पाय तरी हलवू द्या म्हणायची आणि तो मान फिरवायचा. वहिनी म्हणाली, राहू दे चार दिवस, दुखायचं कमी होऊ दे. चार दिवसांचे पंधरा झाले. मी त्यात काही बोलू शकत नव्हते. बोलण्याचा हक्क मी त्या शेडमध्ये ठेवून आले होते.

पंधराव्या की सोळाव्या दिवशी मी तिथं होते. वहिनीनं सांगितलं की दोन दिवस उजव्या पोटरीत कळ येते म्हणून ती रोज पाय चेपून देते. फिजिओ हेल्मेट ठेवत होती. ती तशीच वळली. तिनं पांघरूण बाजूला केलं, दोन्ही पोटऱ्यांवर तळहात ठेवले. मग टेप काढून आधी डावी मोजली, मग उजवी, मग पुन्हा उजवी. तिचा चेहरा मी बघत होते. त्यावर काहीच उमटलं नाही.

“काकू, पाय चेपायचा नाही,” ती म्हणाली. “आज व्यायाम नको. ह्यांना उठवू नका, बसवू नका. गाडी बोलवा.”

कशाला, वहिनीनं विचारलं, सूजच तर हाय. फिजिओ मला बाहेर नेऊन म्हणाली, पडून पडून पायात रक्ताची गुठळी झाली असावी. ती तिथं आहे तोवर ठीक. तिथून सुटली तर छातीत जाते. मी विचारलं, कधी सुटते? ती म्हणाली, ते कुणी सांगू शकत नाही. म्हणून गाडी लवकर बोलवा.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत पाऊण तास गेला. अण्णा आमच्याकडं बघत होता, त्याला कळलं होतं की काहीतरी झालंय. बाहेर विमान उतरत होतं, खिडकीच्या काचा थरथरत होत्या. त्याला खोकला आला. साधा खोकला, घसा कोरडा पडल्याचा. मी आणि फिजिओ एकदम उभ्या राहिलो, आमचं बघून वहिनीही.

सोनोग्राफीत गुठळी दिसली, मांडीपर्यंत गेलेली. रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, पहिले काही दिवस धोका आहे. त्या दिवसांत मी आणि वहिनी आळीपाळीनं त्याच्या छातीचं वरखाली होणं बघत बसलो. वहिनी एकदाच बोलली. तिचे हात पदरात गुंडाळलेले होते. म्हणाली, “मी चेपत व्हतो की वो पाय. मी वर ढकलत व्हतो ते.” मी तिला म्हणाले, तुम्हाला काय ठाऊक. तिनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या वाट्याचं, त्या शेडचं, तिनं काही काढलं नाही.

गुठळी सुटली नाही. तो वाचला.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर फिजिओ पुन्हा आली. त्या दिवशी तिनं व्यायाम घेतला नाही. वहिनीला चहा ठेवायला सांगितला आणि अण्णासमोर बसली. तिनं त्याला विचारलं नाही की करणार का. ती त्याला गुठळीबद्दल सांगत होती, ती कशी झाली, पुन्हा होऊ शकते ते, मोठ्या माणसाला सांगावं तसं, काही न लपवता. शेवटी म्हणाली, “अण्णा, तुम्ही पडाल ह्याची मला भीती वाटत नाही. पडलात तर उचलू. तुम्ही पडून राहाल ह्याची वाटते.”

अण्णानं डावा हात कॉटच्या दांडीवर ठेवला आणि मान उचलायचा प्रयत्न केला. ती त्याच्या मदतीला उठली नाही. वहिनी चहा घेऊन दारात आली होती, ती पुढं झाली तर फिजिओनं तिला नजरेनंच थांबवलं. त्याला बसायला किती वेळ लागला कुणास ठाऊक. चहाला साय धरली.

त्यानंतर आठ महिने लागले. कडेला बसणं, उभं राहणं, वॉकर, चार खुरांची काठी, उंबरा. उंबऱ्यावर तो दोनदा पडला, दोन्ही वेळा डाव्या कुशीवर. गावातल्या लोकांनी वहिनीला बोल लावले की आजारी माणसाला छळताय. पावसाळा संपला तेव्हा तो डेअरीपर्यंत गेला आणि परत आला. उजवा घासत, पण स्वतःच्या पायांनी. शब्दही थोडे आले. पंधरावीस असतील. हात मात्र आला नाही. खांदा एवढा दुखवला गेला होता की जो काळ हात हलायला शिकायचा होता, तो काळ दुखणं सहन करण्यात गेला. फिजिओनं हे मला स्पष्ट सांगितलं. तसं नसतं झालं तर, ती म्हणाली, हात पूर्ण आला असता असं मी म्हणणार नाही, पण थोडा आला असता.

त्या दिवाळीत सोप्यात आम्ही दोघंच होतो. मी त्याला म्हणाले, अण्णा, तुझा हात माझ्यामुळं गेला. हे मी इतके महिने मनात म्हणत होते, पण त्याच्या तोंडावर पहिल्यांदाच. त्यानं मान हलवली. शब्द शोधायला त्याला तोंड पुष्कळ वेळा उघडावं लागतं.

“तू... न्हाय,” तो म्हणाला. मग डाव्या हातानं स्वतःच्या छातीवर थोपटलं. “मी. बसलो. दोन वरीस.”

त्यानं हे माझ्या समाधानासाठी म्हटलं की खरंच त्याचा हिशेब तसा होता, मला अजून ठरवता येत नाही.

इथंच हे संपलं असतं तर मी लिहिलं नसतं.

अण्णा चालू लागला तशा फिजिओच्या खेपा कमी झाल्या, महिन्यातून एकदा. अशाच एका खेपेला तिनं अण्णाचा बीपी घेतला, तो चांगला होता. मशीन आवरता आवरता ती वहिनीला म्हणाली, काकू, या, तुमचाही बघते. वहिनी म्हणाली, “मला काय धाड भरलीया.” पण बसली. हात पुढं केला.

मशीननं आकडा दाखवला. फिजिओनं पट्टा काढला, पुन्हा बांधला, पुन्हा घेतला. मग दुसऱ्या हाताला. मी ओट्याशी भाजी निवडत होते. तीच शांतता ऐकून मी वर पाहिलं, पोटरी मोजतानाची. तिनं वहिनीला विचारलं, डोकं दुखतं का, दम लागतो का, रात्री लघवीला किती वेळा उठता. वहिनी सगळ्याला सहज हो म्हणत गेली, जणू ही बाईमाणसानं करायचीच कामं होती. अण्णाबरोबरच्या खेपा सोडल्या तर दीड वर्षात ती घराच्या बाहेर डेअरीपलीकडं गेली नव्हती. कॉटशेजारी बसून बसून तिची कंबर धरली होती, पाय जड झाले होते. आम्ही सगळे कॉटवर काय आहे ते बघत होतो. कॉटच्या शेजारी कोण बसलंय तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

या वेळी मी उद्यावर ढकललं नाही. वहिनीला त्याच दुपारी गाडीत घातलं. ती वाटभर म्हणत होती, ह्यांना कोण बघणार. रक्त तपासलं, लघवी तपासली. डॉक्टर या वेळी मराठीत बोलले, त्यामुळं मला काही गाळता आलं नाही. बीपी बरीच वर्षं चढलेलाच असावा, कुणी कधी बघितला नाही. मूत्रपिंडांवर परिणाम झालाय. गोळ्या, मीठ कमी, रोज चालणं. जे गेलंय ते परत येणार नाही, जे आहे ते टिकवायचं. नाही टिकलं तर रक्त मशीननं धुवावं लागेल. वहिनीनं विचारलं, किती दिवसांनी? ते म्हणाले, आठवड्यातून दोन-तीनदा. ती बाहेर आल्यावर मला म्हणाली, “तीनदा बेळगावला आलो तर ह्यांच्या जेवणाचं कसं वो?” तिला एवढंच दिसलं होतं.

आता दोघंही सकाळी चालतात. आधी तो चालायला शिकला म्हणून गावात तो पुढं आणि ती मागं, असं दृश्य झालंय. अण्णा गोळ्या डाव्या हातानं पाकिटातून काढतो, स्वतःच्या आणि तिच्याही, आणि तिनं गिळेपर्यंत समोर उभा राहतो. तीन महिन्यांनी एकदा रक्त तपासायचं. वर्षभर तिच्या मूत्रपिंडांचा आकडा जागेवर होता. मी मनात म्हणू लागले होते की आपण ह्यातूनही निघालो.

गेल्या महिन्यात आकडा वर गेला. फार नाही. डॉक्टरांनी कागद दोनदा बघितला आणि म्हणाले, पुढच्या वेळी तीन महिन्यांनी नको, सहा आठवड्यांनी या. वहिनीनं व्हय म्हटलं. बसमधून आम्ही गावच्या फाट्याला उतरलो. अण्णा फाट्यावर काठी टेकून उभा होता, घरापासून तिथवर तो एकटा आला होता. त्यानं तिच्याकडं बघून भुवया उंचावल्या, तिनं हातानंच ‘बरं हाय’ असं सांगितलं. दोघं पुढं निघाली. मी रिपोर्टची फाईल घेऊन मागं होते. उन्हं उतरली होती आणि रस्ता मोकळा होता. वहिनी मधेमधे थांबत होती, साडी सारखी करायच्या निमित्तानं. ती थांबली की अण्णाही थांबायचा, मागं न बघता. तिच्या पायांकडं माझं लक्ष गेलं. चपलेच्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी मांस वर आलं होतं आणि सकाळी ते तसं नव्हतं. घरी पोचल्यावर पाठीमागच्या अंगणात गेले आणि फिजिओला फोन लावला.